एक वीर आणि वीस शिपाई



व्याख्यानमालेत इतिहास सांगावयाचा म्हटला म्हणजे राजे, तह आणि मोहिमा यांची अपेक्षा असते. आम्ही आज निवडलेला इतिहास मेजावर खेळावयाच्या एका खेळाच्या नियमांचा आहे. विषय वाचून कित्येकांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, याची आम्हांस कल्पना आहे. परंतु नियम हा मोठा प्रामाणिक दस्तऐवज असतो. इतिहासकाराला 'सैन्य पांगले' एवढे लिहून पुढे जाता येते. नियम करणाराला तसे जाता येत नाही. किती माणसे पडल्यावर सैन्य पांगते, कोणाचे आधी पांगते, पगार थकला तर काय होते, एक शूर मनुष्य किती साध्या माणसांबरोबर धरावयाचा, या प्रत्येक प्रश्नापुढे त्याला आकडा मांडावा लागतो. आकडा मांडला की मनातले मत उघडे पडते. अनेक साध्या माणसांची मिळून किंमत काय, याविषयीचे मत या खेळाच्या नियमांत कसकसे बदलत गेले, तेवढेच आज आम्हांस पाहावयाचे आहे.

खेळ कोणता ते आधी सांगितले पाहिजे. १९७४ साली अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा या लहानशा गावातून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ प्रसिद्ध झाला. चारपाच मंडळी मेजाभोवती बसतात. प्रत्येकजण एकेका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो. कोणी योद्धा होतो, कोणी मांत्रिक. एकजण पंच होतो आणि तो बाकीचे सारे जग आपल्या शब्दांनी उभे करतो. योद्धा म्हणतो, 'मी दार फोडतो'; मग फासे टाकून दार फुटले की नाही ते ठरते. अशा खेळात चार वीर आणि चार राक्षस यांची झुंज सोपी असते. परंतु गोष्टीच्या ओघात खरे युद्ध उभे राहिले, इकडे दोन हजार आणि तिकडे तीन हजार माणसे आली, तर काय करावयाचे? माणसागणिक फासा टाकू लागलो तर एक लढाई संपण्यापूर्वी पावसाळा येईल. म्हणून समूहयुद्धाचे निराळे नियम लागतात, आणि ते बसविता बसविता गेल्या पन्नास वर्षांत अनेकांनी डोके खाजविले आहे. मौज अशी की, हा खेळ जन्मला तोच मुळी समूहयुद्धाच्या खेळातून.

या कुळाचा मूळपुरुष आपल्याच देशातला आहे. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ या चार अंगांचे सैन्य पटावर मांडणारे चतुरंग इराणातून अरबांकडे आणि तेथून युरोपात गेले. त्या बुद्धिबळाचा पट वाढवून आणि त्यावर डोंगरनद्या चढवून हेल्विग नावाच्या गणितज्ञाने १७८० साली जर्मनीतील ब्रुन्सविक येथे युद्धाचा खेळ रचला. पुढे प्रशियात फॉन राइस्विट्झ या पितापुत्रांनी बुद्धिबळाचे घर मोडून टाकले. पित्याचा खेळ १८१२ साली राजापर्यंत पोहोचला. पुत्र तोफखान्यातला अधिकारी होता; त्याने १८२४ साली खऱ्या नकाशावर ठोकळे हलवून खेळावयाचे नियम छापले आणि प्रशियाच्या सैन्याने ते शिक्षणासाठी स्वीकारले. हुकूम लेखी द्यावयाचे, ते पंचाच्या हाती जावयाचे, आणि तोफांच्या माऱ्याचा परिणाम फाशांनी ठरावयाचा. आजच्या खेळातला पंच आणि फासे दोन्ही येथले आहेत. मात्र त्या नकाशावर एकटा मनुष्य कोठेच नव्हता. एक ठोकळा म्हणजे पलटणीचा एक भाग. त्यातून वजा होत असे ते बळ. बळ वजा होताना कोणाचे घर बुडाले, हे विचारण्याची सोय त्या खेळात नव्हती.

इंग्रज लेखक एच. जी. वेल्स याने १९१३ साली 'लिट्ल वॉर्स' नावाचे लहानसे पुस्तक लिहून हा खेळ अधिकाऱ्यांच्या दालनातून घराच्या जमिनीवर आणला. शिशाचे शिपाई, स्प्रिंगची तोफ, लाकडाचे छोटे गोळे. खरे युद्ध किती मूर्खपणाचे असते हे पटविण्यास असा खेळ पुरेसा आहे, असे वेल्सचे सांगणे होते. पुढल्याच वर्षी महायुद्ध पेटले, आणि लाखो लोक खरोखरच शिशाच्या शिपायांसारखे आडवे झाले.

आता लेक जिनीव्हाकडे वळू. गॅरी गायगॅक्स हा विमा कंपनीत नोकरी करणारा गृहस्थ. १९७० साली त्याची ती नोकरी गेली आणि तो जोडे दुरुस्त करून संसार चालवू लागला. त्याच्या घराच्या तळघरात वाळू भरलेले एक मोठे मेज होते. त्यावर मित्रमंडळी मध्ययुगीन लढाया खेळत. जेफ पेरेन या मित्राने केलेले थोडेसे नियम गायगॅक्सने वाढविले आणि १९७१ साली दोघांच्या नावाने 'चेनमेल' हे पुस्तक निघाले. त्यात समूहयुद्धाचे प्रमाण असे होते की, मेजावरचे एक बाहुले म्हणजे वीस माणसे. ही वीस माणसे एकत्र चालत, एकत्र लढत आणि एकत्रच मेजावरून उचलली जात.

या पुस्तकातल्या दोन नियमांकडे आम्हांस लक्ष वेधावयाचे आहे. पहिला धीराचा. तुकडीची माणसे ठराविक प्रमाणात पडली की दोन फासे टाकून ती टिकते की पळते हे पाहावयाचे. हे प्रमाण सर्वांना सारखे नव्हते. बळेच आणलेल्या शेतकऱ्यांची परीक्षा लवकर होई, चिलखती सरदारांची पुष्कळ उशिरा. तुकडी कापली जाण्याच्या पुष्कळ आधी मोडते, हे सत्य येथे आकड्यांत आले.

दुसरा नियम वीरांचा. पुस्तकाच्या शेवटी अद्भुतकथांसाठी एक पुरवणी जोडलेली होती. तीत मांत्रिक होते, ड्रॅगन होते आणि 'हीरो' नावाचा एक योद्धा होता. हा वीर चार जणांइतका लढे. त्याच्याहून मोठा महावीर आठ जणांइतका. वीराला धीराची परीक्षा कधीच द्यावी लागत नसे, आणि ज्या तुकडीत तो उभा राही तिच्या फाशात एकाची भर पडे. त्याला मारावयाचे तर चार घाव एकाच वेळी बसावे लागत. आज एक आणि उद्या एक असे बसलेले घाव फुकट जात. आमच्या मते या नियमात मोठा समतोल आहे. वीराला मान आहे, परंतु तो तुकडीत उभा राहून तिला बळ देतो म्हणून. आणि साध्या माणसांना त्याच्यापुढे एकच उपाय आहे, तो म्हणजे चौघांनी एकदम हात उचलणे.

पण त्याच सुमारास शेजारच्या मिनेसोटा राज्यात निराळेच काही घडत होते. १९६९ साली डेव्हिड वेस्ली या तरुणाने ब्राउनश्टाइन या काल्पनिक जर्मन गावाभोवती नेपोलियनच्या काळातली एक लढाई योजली. दोन सेनापतींच्या जोडीला त्याने इतर मित्रांनाही कामे दिली. कोणी गावचा नगराध्यक्ष, कोणी विद्यापीठाचा प्रमुख, कोणी क्रांतिकारक विद्यार्थ्यांचा पुढारी. मंडळी एकमेकांना बाजूला घेऊन कुजबुजू लागली, कट करू लागली, आणि सैन्ये पटावर ताटकळत राहिली. वेस्लीला वाटले, खेळ फसला. मित्र म्हणाले, पुन्हा खेळू. त्या मित्रांपैकी डेव्ह आर्नेसन याने पुढे 'ब्लॅकमूर' नावाचे संस्थान कल्पिले, आणि त्याच्या गडाखाली भुयारांचे जाळे काढून त्यांत आपल्या वीरांना उतरविले. झुंजीसाठी त्याने प्रथम 'चेनमेल'चेच नियम वापरले. परंतु आपले पात्र एका फटक्यात मरावे हे खेळणारांना रुचेना. तेव्हा आर्नेसनने जहाजांच्या लढाईच्या नियमांतली युक्ती उचलली. जहाज जसे घावागणिक थोडे थोडे खचते, तसे मनुष्याच्या प्राणाचेही गुण धरावयाचे आणि घावागणिक ते कमी करावयाचे. साध्या शिपायाचे गुण मूठभर. वीर जसजसा अनुभवी होई तसतसे त्याचे वाढत जात. 'चौघांनी एकदम' हा नियम येथे मागे पडला.

आर्नेसनच्या या मोहिमेत घडलेली एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. वीर मंडळी भुयारांत खजिना धुंडाळण्यात गुंतून गेली. वर जमिनीवर शत्रूचे सैन्य आले, गड त्याच्या हाती पडला, आणि वीरांना दूरच्या एका सरोवराकाठी हद्दपार होऊन राहावे लागले. पुढील पन्नास वर्षांचा इतिहास या एका प्रसंगात सामावला आहे असे म्हटले तरी चालेल. वीर खाली गेले, आणि वर सैन्याला पाहणारा कोणी उरला नाही.

गायगॅक्स आणि आर्नेसन यांनी मिळून १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' काढले. पहिल्या छपाईच्या प्रती १०००. एका पेटीत तीन पुस्तिका. मुखपृष्ठावर हा खेळ मध्ययुगीन युद्धमोहिमांचा आहे असेच छापले होते, आणि मोठ्या लढायांसाठी 'चेनमेल' जवळ बाळगावे अशी अपेक्षा होती. चौथ्या पायरीवरच्या योद्ध्याला 'हीरो' आणि आठव्या पायरीवरच्याला 'सुपरहीरो' ही नावे तशीच राहिली. चार आणि आठ माणसांच्या हिशेबाची ती खूण होय. योद्धा थोर झाला की त्याने गड बांधावा, पदरी सैन्य ठेवावे, मुलूख राखावा, अशी योजना होती. प्रत्यक्षात हजारो खेळणारे भुयारांतच रमले, आणि गडापर्यंत फार थोडे पोहोचले.

असे का व्हावे? आम्हांस त्याचे एक कारण गणितात दिसते. फ्रेडरिक लँचेस्टर नावाचा इंग्रज इंजिनियर होता, मोटारी बनविणारा. त्याने १९१६ च्या आपल्या विमानयुद्धावरील पुस्तकात असे दाखविले की, जेथे प्रत्येकाला प्रत्येकावर मारा करता येतो अशा उघड्या मैदानात समूहाचे बळ संख्येच्या वर्गाप्रमाणे वाढते. सारख्याच कुवतीचे ५०० आणि ४०० लढले आणि ४०० शेवटपर्यंत टिकून मेले, तर ५०० पैकी १०० नव्हे, ३०० शिल्लक राहतात. तेच ४०० दोनशे-दोनशेच्या दोन टोळ्यांनी एकामागून एक आले, तर ५०० पैकी सुमारे ४१२ वाचतात. म्हणजे एक शस्त्रही न बदलता, केवळ फूट पाडल्याने, शत्रूची ११२ माणसे वाचली. उलट चिंचोळ्या वाटेत, जेथे एकापुढे एकच उभा राहू शकतो, तेथे हा वर्गाचा न्याय लागू पडत नाही. तेथे ५०० मधून ४०० गेले की १०० च उरतात. आता भुयार म्हणजे काय? चिंचोळी वाट. तेथे शंभर जण असले तरी वीरासमोर एका वेळी दोघेच येणार. उघडे मैदान हे अनेकांचे, आणि बोळ हा एकट्या शूराचा. वीरांचा खेळ बोळात शिरला यात नवल ते काय?

तरी मैदानाची ओढ सुटली नाही. १९७६ साली गायगॅक्सने 'स्वॉर्ड्स अँड स्पेल्स' हे पुस्तक लिहून समूहाला परत आणण्याचा यत्न केला. एक बाहुले म्हणजे दहा माणसे. आणि घावांसाठी फासाच नको, सरासरी काढलेली कोष्टके पाहावयाची. माणसे पुष्कळ असली की दैवाचे कमीअधिक आपोआप जुळते, हा त्यामागचा विचार. हिशेब चोख होता, परंतु लढाई खातेवहीसारखी झाली. १९८४ साली फ्रँक मेंट्झरच्या संचात 'वॉर मशीन' ही पद्धत आली. नायकत्व, अनुभव, शिक्षण, हत्यारे यांचे गुण मिळवून प्रत्येक सैन्याचा एक आकडा काढावयाचा, त्यात दोन्ही बाजूंनी एकेकदा फाशांचे दान मिळवावयाचे, आणि फरकावरून कोण हरले, किती मेले, किती थकले हे वाचावयाचे. दोन राज्यांचे भवितव्य पाच मिनिटांत! राजाला हे सोयीचे. रांगेत उभ्या असलेल्याला त्यात स्वतःचे काहीच सापडत नाही.

१९८५ साली डग्लस नाइल्सने 'बॅटलसिस्टिम' रचले. पुन्हा दहास एक हे प्रमाण, परंतु येथे तुकड्यांची शिस्त आणि धीर यांचा विचार होता आणि वीर तुकड्यांचे नायक होऊन मैदानात येत. त्याच्याबरोबर निघालेल्या 'ब्लडस्टोन पास' या कथानकात गरीब गावकरी आपल्या खोऱ्यावर चालून येणाऱ्या सैन्याविरुद्ध वीरांची मदत मागतात, आणि वीरांना त्या शेतकऱ्यांना हाताशी धरून फौज उभी करावी लागते. त्याच वर्षी ग्रेग स्टॅफर्डने आर्थर राजाच्या कथांवरील 'पेंड्रॅगन' खेळात उलटी वाट धरली. लढाई सेनापती चालवितात. आपण एक साधा सरदार. गर्दीच्या लाटेत आपल्यासमोर कोण आले आणि आपण त्यातून कसे निभावलो, एवढेच आपल्या हाती. इंग्लंडात 'वॉरहॅमर' १९८३ साली समूहयुद्धाचा भूमिका-खेळ म्हणून निघाले. त्यातले सैन्य इतके वाढले की भूमिकांसाठी १९८६ साली निराळा खेळ काढावा लागला. एका मेजावर वीर आणि सैन्य सुखाने नांदविणे किती अवघड, याचा हा पुरावाच आहे.

या सर्व खटपटीत कोणाचे पाऊल योग्य जागी पडले? कामगार संघटनेत आयुष्य गेलेल्या माणसाच्या दृष्टीने आम्ही याचे उत्तर देणार, हे उघड आहे. सरासरीचे कोष्टक चुकते ते गणितात नाही. ते हजार फाशांना लागू पडते, कारण एक फासा दुसऱ्याकडे पाहून पडत नाही. माणसे मात्र एकमेकांकडे पाहतात. शेजारचा उभा आहे म्हणून हा उभा राहतो. तो हलला की याचा पाय निघतो. हरताळात तिसऱ्या आठवड्यात फाटकापाशी जो उभा राहिला आहे त्याला ही गोष्ट सांगावी लागत नाही. म्हणून हजार माणसांच्या धैर्याची सरासरी निघत नाही. त्या सर्वांसाठी मिळून एकच फासा पडतो, आणि तोच खरा भयंकर. धीराचा नियम ज्याने लिहिला त्याला समूह कळला होता, असे आम्ही समजतो.

या नियमाचे सर्वांत सुटसुटीत रूप टॉम मोल्डव्हेने १९८१ साली संपादित केलेल्या नवशिक्यांच्या पुस्तकात आहे. टोळीची परीक्षा दोन वेळा व्हावयाची. पहिला गडी पडला की एकदा, आणि निम्मे पडले की पुन्हा. पहिल्या मृत्यूने होणारा धक्का आणि निम्मे गेल्यावर येणारी हताशा हे दोन क्षण त्याने नेमके हेरले. आणि धीर कशावर अवलंबून? १९७४ च्या मूळ पुस्तिकेतच लिहिले आहे की पदरी ठेवलेल्या माणसांची निष्ठा वेळोवेळी तपासावी. दीर्घ सेवा आणि बक्षिसी यांनी ती वाढते, वाईट वागणुकीने घटते. १९७९ च्या पंचांसाठीच्या मोठ्या पुस्तकात तर गायगॅक्सने त्याचे कोष्टकच दिले. पगार थकला किंवा अपुरा दिला तर इतके गुण वजा, लुटीत वाटा दिला तर इतके अधिक. क्रूर वागणुकीने इतके कमी, न्यायाच्या वागणुकीने इतके जास्त. ड्रॅगन आणि मांत्रिक यांच्या पुस्तकात हे पान आहे! नोकरी जाऊन ज्याने जोडे शिवले त्याने हे पान लिहिले, ही गोष्ट आम्ही फार ताणणार नाही. परंतु ती विसरवतही नाही.

अलीकडचे एक वळण सांगितले पाहिजे. वीरांच्या पायऱ्या वाढता वाढता अशी स्थिती आली होती की, थोर योद्ध्याला साध्या शिपायाचा घाव लागणेच अशक्य व्हावे. शंभर आले काय आणि हजार आले काय, त्याला ओरखडा नाही. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत कर्त्यांनी मुद्दाम वीराच्या बचावाचा आकडा फार चढू दिला नाही, त्यामुळे कनिष्ठांचा जमाव थोरांना अखेरपर्यंत धोक्याचा राहतो. पंचांच्या पुस्तकात जमावासाठी एक छोटे कोष्टकही आहे. किती जणांनी हल्ला केला असता एकाचा घाव खात्रीने लागेल, एवढेच ते सांगते. 'चौघांनी एकदम' या १९७१ च्या नियमाची ही दूरची आठवण आम्हांस वाटते. मात्र त्या कोष्टकातही सरासरीच आहे. जमाव मारू शकतो हे तेथे आहे. जमाव कशाने टिकतो हे त्यात नाही.

कोणी म्हणेल, हा शेवटी खेळ. त्यात एवढे काय? परंतु आपण इतिहास वाचतो तोही बहुधा वीरांच्याच अंगाने. लढाईच्या वर्णनात सरदारांची नावे येतात आणि बाकीचे 'दहा हजार' होऊन मागे उभे राहतात. नियम करणारांनी, केवळ आपला खेळ नीट चालावा म्हणून का होईना, त्या दहा हजारांविषयी काही प्रश्न विचारले. त्यांचा पगार वेळेवर मिळत होता काय? त्यांच्याशी कोणी न्यायाने वागले होते काय? पहिला पडला तेव्हा शेजारच्याने काय केले? त्यांना मैदानात एकत्र उभे केले होते, की बोळात एकेकटे गाठले होते? यापुढे कोणत्याही लढाईचे वर्णन, मग ती तलवारीची असो वा गिरणीच्या दारातली, आपल्यासमोर आले तर श्रोत्यांनी हे चार प्रश्न जवळ ठेवावेत, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.